खानदेशात एअर रायफल अंगाला बसवताना

रायफलचा विषय निघाला की सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत आधी हरणाची गोष्ट निघते. चोपडा-यावलकडे जुन्या शिकारींच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. त्या आठवणींपुरत्याच राहू द्याव्यात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर चितळ, सांबर, चिंकारा, काळवीट यांची शिकार हा सरळ गुन्हा आहे. रोही आणि रानडुकरं केळी-मक्याची नासाडी करतात हे खरं, पण त्यांना एअर रायफलने हाकलू नका. जनावर मरत नाही, छर्रा घेऊन कुजत फिरतं. नुकसान झालं असेल तर वनखात्याकडून पंचनामा करून भरपाई मागावी. पोरांनी तितरांसारख्या पाखरांवर नेम धरणं हेही त्याच गुन्ह्यात येतं, घरी रायफल आणण्याआधी हे त्यांना स्पष्ट सांगा.

हरणामागे जाणाऱ्याला रायफलकडून जे हवं असायचं, ते सगळं दहा मीटरच्या नेमबाजी स्पर्धेच्या टार्गेटलाही लागतं: अंगाला बसणारा दस्ता, नेमका ट्रिगर, ओळखीचा छर्रा. फक्त इथे चुकीला जागा फार कमी. टार्गेटवरचा दहाचा ठिपका 0.5 मिलिमीटरचा असतो आणि काळा गोल 30.5 मिलिमीटरचा. एका रिंगेपासून दुसरी 2.5 मिलिमीटरवर, म्हणजे दशांश गुणांत मोजलं तर दर 0.1 गुणाला पाव मिलिमीटर. शॉट 60, वेळ 75 मिनिटं, एका शॉटला जास्तीत जास्त 10.9, म्हणून पूर्ण गुण 654.

परवान्याचं आधी सांगतो, कारण दुकानात त्यावरून गोंधळ होतो. 4.5 मिलिमीटर म्हणजे 0.177 इंच बोअरची आणि 20 ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेची एअर रायफल असेल तर शस्त्रपरवाना लागत नाही. ओळखपत्राची प्रत द्या आणि पक्कं बिल घ्या. मॅचची रायफल या मर्यादेच्या बरीच खाली असते: 0.53 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 172 मीटर वेगाने सुटला तर ऊर्जा साधारण 7.8 ज्यूल भरते. ‘हिचा जोर जास्त आहे’ असं सांगून कोणी रायफल विकत असेल तर तिथून निघा. कागदाला भोक पाडायला जोर लागत नाही, आणि जास्त वेगाने ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या शॉटचा झुबका) सुधारत नाही.

आता कोणती घ्यायची. नळी मोडून भरायची स्प्रिंगवाली स्वस्त मिळते आणि ओपन साइटच्या सुरुवातीला ती चालते. पण तिच्यात घोडा दाबल्यावर पिस्टन पुढे धावतो, रायफल आधी मागे आणि मग पुढे हलते, आणि छर्रा अजून नळीतच असतो. त्यामुळे दर वेळी ती अगदी तशीच, सैल धरावी लागते. शिकणाऱ्याला चूक आपली की रायफलची हे कळत नाही. पीप साइटला (मागच्या बारीक भोकातून बघून पुढच्या रिंगेत काळा गोल धरायचा, अशी साइट) उतरायचं ठरलं असेल तर थेट सिलिंडरवाली, म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणारी घ्या. फाइनवर्कबाउ, वाल्थर, अ‍ॅन्शुट्झ, स्टायर या परदेशी. आपल्याकडे प्रीसिहोलची क्लबसाठीची रायफल मिळते. माझं मत स्पष्ट आहे: नव्या भारी मॉडेलपेक्षा दहा वर्षं जुनी पण नीट ठेवलेली, सगळे भाग पुढे-मागे सरकणारी रायफल बरी. उरलेले पैसे जॅकेट, बूट आणि छर्‍यांवर घाला.

जुनी घेताना सिलिंडरवरची तारीख आधी बघा. स्पर्धेत मुदत संपलेला सिलिंडर चालत नाही; बहुतेक कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात. रायफल बरी आणि सिलिंडर बाद असं बरेचदा असतं, मग नव्या सिलिंडरची किंमत धरूनच भाव करावा. नळीच्या तोंडाशी भिंगातून बघा, कडेला ओरखडा किंवा दाब असेल तर सोडून द्या. गेजवरचा आकडा लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा बघा. उतरला असेल तर ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी रिंग, गेलेली आहे. ते मोठं दुखणं नाही, पण त्या मॉडेलच्या ओ-रिंगा मिळतात का हे विकत घेण्याआधी विचारायचं. वजन साइटसकट 5.5 किलोच्या आत हवं, नियमच आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला मात्र एवढं वजन पेलत नाही. त्याच्यासाठी हलकी रायफल शोधा, नाहीतर कमरेत वाकायची सवय लागते आणि ती पुढे मोडता मोडत नाही.

रायफल घरी आली की खरं काम सुरू होतं. क्रम महत्त्वाचा आहे, कारण एक भाग हलवला की पुढचा बदलतो. आधी उभं राहायचं कसं ते ठरवा, मग रायफल त्या उभ्या राहण्याला जुळवा. उजव्या हाताने नेम धरणाऱ्यासाठी सांगतो, डावखुऱ्यांनी उलट घ्यावं. पाय खांद्याइतके फाकलेले, डावी बाजू टार्गेटकडे, डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकलेला. हात स्नायूंनी उचलून धरलेला नको, हाडावर हाड उभं राहिलं पाहिजे. या स्थितीत डोळे मिटून मान सरळ ठेवा आणि रायफल खांद्याला लावा. डोळे उघडल्यावर साइट डोळ्याच्या खाली असेल तर हँड रेस्ट (रायफलीखालचा, डाव्या हातावर टेकणारा भाग) उंच करा किंवा बट प्लेट (दस्त्याच्या मागची, खांद्याला टेकणारी पट्टी) खाली सरकवा. मान खाली घालून साइट शोधायची नाही. मान वाकली की पंधराव्या शॉटला खांदा आखडतो, चाळीसाव्याला नजर जाते.

दस्त्याची लांबी कोपर काटकोनात वाकवून बघतात. बट कोपराच्या खोबणीत ठेवली तर तर्जनीचं पहिलं पेर घोड्यावर सहज पोचलं पाहिजे. हे फक्त सुरुवातीचं माप. जाड जॅकेट घातल्यावर ते थोडं कमी करावं लागतं, म्हणून सगळी मापं जॅकेट-बूट घालूनच घ्या. मे महिन्यात टी-शर्टवर बसवलेली रायफल स्पर्धेच्या दिवशी परकी वाटते, त्याचं कारण बहुधा हेच. चीक पीस गालाला असा लागावा की डोकं त्याच्यावर विसावेल आणि डोळा साइटच्या बरोबर मध्यात येईल. गाल दाबून मध्य मिळत असेल तर चीक पीस आडवा सरकवा. डोळा आणि मागच्या साइटमध्ये पाच ते आठ सेंटिमीटर अंतर ठेवा आणि ते मोजून लिहून ठेवा.

तोल शेवटी. पुढचं वजन वाढवलं की नळी संथ होते, पण डाव्या कमरेवर भार येतो. एका वेळी पन्नास ग्रॅमच बदला आणि किमान शंभर शॉट मारल्याशिवाय मत बनवू नका.

पुढच्या साइटची रिंग लोक फार बारीक निवडतात, आणि हे चुकतं. हिशोब करून बघा. काळा गोल 30.5 मिलिमीटरचा, दहा मीटरवर. पुढची साइट डोळ्यापासून साधारण 90 सेंटिमीटरवर. तिथे तो गोल सुमारे 2.7 मिलिमीटरचा दिसतो. म्हणून तीन मिलिमीटरची रिंग लावली की पांढरा काठ इतका बारीक राहतो की तो सारखा मिटतो, मग शूटर शॉट धरून ठेवतो, दहा-बारा सेकंद, आणि धरता धरता शॉट खराब होतो. 3.8 ते 4.2 पासून सुरुवात करा. मागची आयरिस, म्हणजे मागच्या साइटचं लहान-मोठं करता येणारं भोक, 1.1 ते 1.3 मिलिमीटरच्या दरम्यान. रेंजवर उजेड कमी असेल तर थोडी मोठी.

क्लिकबद्दल, म्हणजे साइटचा स्क्रू फिरवताना लागणाऱ्या टप्प्यांबद्दल, एक गोष्ट जपून. जर्मन बनावटीच्या बहुतेक साइटवर ‘एच’ हे अक्षर असतं आणि त्याचा अर्थ ‘शॉट वर गेला असेल तर इकडे फिरवा’ असा असतो. ‘वर न्यायला’ म्हणून फिरवणारे नेमके उलटे जातात. पहिल्याच दिवशी दहा क्लिक एका बाजूला देऊन ग्रुप किती आणि कुठे सरकला ते वहीत लिहा. स्पर्धेत सायटिंगच्या (गुण न मोजल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या शॉटच्या) वेळात डोकं चालत नाही, वही चालते.

रायफल कलती धरणं ही दुसरी मोठी चूक. दहा मीटर जाईपर्यंत छर्रा साधारण 17 मिलिमीटर खाली येतो, ते साइटने भरून काढलेलं असतं. रायफल पाच अंश उजवीकडे कलली तर शॉट दीड मिलिमीटर उजवीकडे जातो, म्हणजे सहा दशांश गुण. पाच अंश डोळ्याला कळतही नाहीत. थोडी कलवून धरणं आरामाचं असेल तर हरकत नाही, पण प्रत्येक शॉटला तेवढीच. पुढच्या साइटमध्ये आडवी रेघ असलेली रिंग किंवा स्पिरिट लेव्हल लावली की हे आवाक्यात येतं.

ट्रिगर दोन टप्प्यांचा ठेवा. शिकणाऱ्याने एकूण 120 ते 150 ग्रॅमवर थांबावं. रायफलला किमान वजनाचा नियम नाही म्हणून लगेच 50 ग्रॅमवर जाऊ नये, बोट टेकताच सुटतो. पहिल्या टप्प्याला वजन जास्त, दुसऱ्याला कमी अशी वाटणी बोटाला समजते. ओव्हरट्रॅव्हलचा (शॉट सुटल्यावर घोडा किती मागे जाईल ते ठरवणारा) स्क्रू पूर्ण आवळला तर घोडा सुटतच नाही. सुटेपर्यंत ढिला करा आणि वर थोडा मोकळा ठेवा.

छर्‍यांची निवड हातात धरून करता येत नाही. रायफल शिकंज्यात घट्ट धरा आणि प्रत्येक डब्यातले दहा-दहा छर्रे मारा. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत ग्रुप साडेपाच मिलिमीटरच्या आत असेल तर छर्रा त्या नळीला लागू पडला. छर्रा स्वतःच साडेचारचा असतो, म्हणजे खरा फैलाव एक मिलिमीटरचाच. डोक्याचं माप 4.48, 4.49, 4.50 असं बदलून बघा. शेजारच्याच्या नळीला जो चालतो तो तुमच्याला चालेलच असं नाही. जुळला की त्याच बॅच नंबरचे डबे एकदम घेऊन ठेवा. मापं तीच, बॅच बदलली की ग्रुप मोकळा होतो. पातळ शेपटाचे छर्रे डब्यात आदळून वाकतात, म्हणून डबा दप्तरात सुटा टाकू नका.

आता आपल्या उन्हाचं. जळगाव-भुसावळचा पारा मेमध्ये 45 च्या वर जातो आणि बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. 25 अंशांना 200 बार (बार हे हवेच्या दाबाचं माप) भरलेला सिलिंडर 65 अंशांना सुमारे 227 बारवर जातो. म्हणून एप्रिल-मेमध्ये 180 पर्यंतच भरा आणि रायफल डिकीत ठेवून कामाला जाऊ नका. भरतानाही घाई नको: हवा जोरात सोडली की सिलिंडर तापतो, गेज भरलेला दाखवतो, थंड झाल्यावर पंधरा-वीस बार गायब. हळूहळू भरा, मध्ये थांबा. पावसाळ्यात कॉम्प्रेसरमधलं पाणी काढणारं फिल्टर बदललेलं आहे का ते विचारा. ओली हवा सिलिंडरात गेली की आतून गंज धरतो आणि रेग्युलेटर (प्रत्येक शॉटला सारखाच दाब देणारा भाग) बिघडतो. सिलिंडरात फक्त हवा, ऑक्सिजन कधीही नाही. तेलाच्या अंशाबरोबर तो स्फोट घडवतो.

रेग्युलेटर सरकू लागला की ओळखायची खूण अशी: पाच मिनिटं थांबल्यावरचा पहिला शॉट दर वेळी वर जातो. हे तंत्रज्ञाकडेच द्यायचं, घरी उघडायचं नाही.

काळ्या मातीची धूळ आणि जिनिंगच्या दिवसांतला कपाशीचा भुगा ट्रिगरच्या खोलीत जाऊन बसतो. त्यात तेल सोडलं की लगदा होतो. कोरड्या ब्रशने झाडा, ओ-रिंगांना सिलिकॉनचं ग्रीस बोटाच्या टोकाएवढं, बाकी काही नाही. नळीत पाचेकशे शॉटनंतर फेल्टचे छर्रे मागच्या बाजूने घालून बाहेर काढा, साफ केल्यानंतरचे पहिले पंधरा-वीस शॉट मोजू नका. कूलर लावून सराव करणाऱ्यांनी त्याचा झोत चेहऱ्यावर घेऊ नये, डोळा कोरडा पडतो आणि कागदी टार्गेट ओलसर होऊन कडा फाटतात. सकाळी सहा ते नऊ हीच आपली खरी वेळ.

घरी दहा मीटर मोजायचं असेल तर ओसरीपासून खळ्यापर्यंत जागा निघते. टार्गेटचा मध्य जमिनीपासून 1.40 मीटरवर. छर्रे अडवायला कललेल्या जाड लोखंडी पत्र्याचा बंद डबा हवा. नुसती भिंत असेल तर छर्रा परत येतो. मागे रस्ता किंवा दार नको. नळीतून आरपार जाणारी, रायफल रिकामी आहे हे दाखवणारी सेफ्टी फ्लॅगची दोरी रायफल ठेवताना आत असलीच पाहिजे, घरी सुद्धा. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका, आणि छर्रे दातात धरून ठेवायची सवय असेल तर आजच सोडा.

रोज साठ शॉट मारायला जमत नसेल तर वीस ड्राय फायर करा, म्हणजे छर्रा न घालता नेम धरून घोडा दाबा. सिलिंडरवाल्या रायफलींना त्यासाठी वेगळी कळ असते. स्प्रिंगवाल्या रायफलीवर मात्र रिकामा घोडा मारू नका, पिस्टन समोर आदळून सील फुटतं.