तुम्ही विचारलेत म्हणून: डोके दुखते म्हणून कॉफी, की कॉफीमुळे डोके?

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की एकदा नीट लिहूनच उत्तर द्यावे असे वाटले. अर्धशिशीचा झटका सुरू होताच मी गोळीबरोबर कपभर कोरी कॉफी घेते, आणि ती चैन म्हणून घेत नाही. मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या अ‍ॅडिनोसिन या रसायनाला कॉफीतले कॅफीन अडवते आणि वेदनाशामकाचा परिणामही वाढवते. पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन व कॅफीन एकत्र असलेल्या गोळीला अमेरिकेत १९९८ साली मायग्रेनसाठी मान्यता मिळाली.

पाच वर्षांपूर्वी मे महिन्यात नणंदेच्या मुलीचे लग्न नागपूरच्या इतवारीतल्या एका मंगल कार्यालयात होते. सकाळी अकराच्या सुमारास डाव्या डोळ्यापुढे चकाकत्या नागमोडी रेषा दिसू लागल्या, म्हणजे डोके दुखू लागायला माझ्या हाती फार तर वीस-पंचवीस मिनिटे होती. गोळी घेतली, आचाऱ्याकडून कॉफी करून घेतली, पण कप ओठाला लागण्याआधीच मोठ्या जाऊबाईंनी तो काढून घेतला. "एवढ्या तपनात कॉफी कायले पायजे? पित्त चढेल. पन्हं घे." चारचौघांत वाद नको म्हणून मी पन्हे प्याले, आणि अर्ध्या तासात ते गोळीसकट उलटून पडले. मंगलाष्टके मी धान्याच्या खोलीत, डोळ्यांवर ओला पंचा ठेवून, भिंतीपलीकडून ऐकली. अक्षता मुठीतच राहिल्या. कॉफीने ते नक्की टळले असते, असे मी म्हणत नाही. जाऊबाईंनी ते मायेने केले हेही मला तेव्हाच कळत होते. तरी राग गेलेला नाही.

मात्र त्यानंतरच्या दोन वर्षांचे समर्थन मला करता येत नाही. तशी वेळ पुन्हा येऊ नये म्हणून मी दुखण्याआधीच, रोज चार मोठे कप कॉफी पिऊ लागले. रविवारी उशिरा उठले की डोके ठणकायचे, कॉफी घेतली की तासाभरात उतरायचे, आणि मी सर्वांना सांगायचे की पाहा, हे औषधच आहे. रोज २०० मिलिग्रॅमहून अधिक कॅफीनची सवय असताना ते चुकले, तर चोवीस तासांच्या आत अशी डोकेदुखी होते, हे डॉक्टरांनी माझी डोकेदुखीची नोंदवही पाहून सांगितले. ते मान्य करायला मला कित्येक महिने लागले. त्या काळापुरता तुमचा संशय खरा होता.

आता रोजची कॉफी मी टप्प्याटप्प्याने सोडली आहे. गोळ्यांचे दिवसही मोजते, कारण अशा मिश्र गोळ्या महिन्यात दहा किंवा अधिक दिवस घेत राहिल्या, तर त्यांच्यामुळेच डोके दुखू लागते. झटक्याची कॉफी मात्र मी सोडलेली नाही. गेल्या मंगळवारी ती अगदी वेळेवर घेतली, तरी संध्याकाळपर्यंत काळोखात पडून राहावे लागले, आणि त्याचे कारण मला नोंदवहीतही सापडलेले नाही.