कुडल संगम ते उजनी: भीमेच्या काठाने, प्रवाहाच्या उलट

सोलापूरकराची भीमेशी ओळख नळातून होते. वर्षानुवर्षं उजनी धरणातून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातून वाहत औज बंधाऱ्यात आणि तिथून शहरात येत आलंय. उन्हाळ्यात सकाळी पेपर उघडला की आधी बघायचं ते उजनी मायनस किती झाली, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळाचं किती उपसलं, आणि पावसाळ्यात प्लस कधी होणार. एवढं सगळं असून नदी म्हणून भीमा बघायला फारसं कोणी जात नाही. पंढरपुरात आपण चंद्रभागेच्या पाया पडतो आणि पुण्याला जाताना भीमानगरच्या पुलावरून खिडकीतून बघतो, संपलं.

म्हणून आम्ही ठरवलं की नळाकडून धरणाकडे जायचं. कुडल संगम, माचणूर, मंगळवेढा, पंढरपूर, नीरा नरसिंहपूर आणि शेवटी उजनी. घरी परत येईपर्यंत सगळं मिळून तीनशे किलोमीटरच्या आसपास भरतं. गाडी दामटली तर एका दिवसात होईल, पण मग ती नुसती गाडी चालवणं झालं. दोन मुक्काम ठेवा, एक पंढरपुरात आणि एक अकलूज किंवा टेंभुर्णीला. बरोबर आत्या होती. तिच्या गुडघ्यांमुळे प्रत्येक ठिकाणी तासभर बसणं आलंच, आणि खरं सांगायचं तर प्रवास चांगला झाला तो त्या बसण्यामुळेच.

जाणाऱ्यांनी पहिली गोष्ट ही लक्षात घ्यावी की ही सहल सुट्ट्या बघून ठरवायची नाही, उजनीचं पाणी बघून ठरवायची. पावसाळा सरला की धरणाखालची भीमा म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी. जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून नदी भरलेली दिसते आणि खालच्या अंगाला वाळू, खडक आणि डबकी. आवर्तन, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याची पाळी, चालू असेल तर हीच नदी दोन्ही काठ धरून वाहते. एकाच महिन्यात गेलेल्या दोघांनी दोन वेगळ्या नद्या पाहिल्याचं सांगितलं तर दोघंही खरंच बोलत असतात. विसर्ग किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) आहे हे स्थानिक पेपरात रोज येतं. निघण्याआधी दोन दिवस ते बघत चला.

महिने म्हणाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये धरण भरून विसर्ग वाढला की नदी देखणी दिसते, पण घाट पाण्याखाली जातात आणि बंधाऱ्यांवरून जाणारे छोटे रस्ते बंद होतात. एप्रिल-मेमध्ये जाऊ नका. सोलापूरचं ऊन काय असतं ते सोलापूरकराला सांगायला नको, आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही.

सकाळी लवकर विजापूर रस्ता धरला. वडकबाळचा सीनेवरचा पूल गेला, मंद्रूप गेलं, मग मुख्य रस्ता सोडून हत्तरसंग कुडलकडे वळलो. शहरापासून हे अंतर चाळीसेक किलोमीटर आहे. शेवटचा टप्पा अरुंद आहे आणि उसाचा ट्रॅक्टर समोर आला तर एकाला मागे यावं लागतं. इथे सीना भीमेला मिळते. संगमावर संगमेश्वर आणि थोडं बाजूला हरिहरेश्वर, दोन्ही देवळं चालुक्यकाळाची. हरिहरेश्वराच्या आवारात बहुमुखी शिवलिंग आहे. एकाच लिंगावर ओळीने कोरलेली छोटी छोटी मुखं, ३५९ असं सांगतात. मी मोजायला लागलो होतो, दुसऱ्या ओळीतच नाद सोडला.

खरी चीज मात्र संगमेश्वराच्या मंडपात वर तुळईवर आहे. शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख, आणि त्याच्या शेवटी मराठी ओळ: ‘वाछि तो विजेया होईवा’. मराठीतल्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांत याची गणना होते. तो जगासमोर आणला सोलापूरच्याच आनंद कुंभार यांनी. गावोगाव फिरून शिलालेखांचे ठसे घेणारा हा माणूस शहरात राहत होता आणि शहरातल्या निम्म्या लोकांना ते माहीत नव्हतं. लेख नुसत्या डोळ्यांनी वाचता येईल या आशेवर जाऊ नका. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला की अक्षरं उठून दिसतात. देवळातल्या गुरवकाकांना विचारलं तर नेमकी जागा दाखवतात. त्यांनी आम्हाला मराठीत सुरुवात करून कानडीत शेवट केला, आणि आत्याला सगळं कळलं. इथून पुढे कर्नाटक फार लांब नाही.

संगमावर सावली आहे, बसायला जागा आहे, पण खाण्यापिण्याची सोय गृहीत धरू नका. आम्ही कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही बांधून नेलं होतं. पाण्याच्या बाटल्या मंद्रूपमध्येच भरून घ्याव्यात.

इथून बरेच जण परत सोलापुरात येऊन मंगळवेढा रस्ता धरतात. गरज नाही. मंद्रूपहून कामतीला सरळ रस्ता आहे. सीना आणि भीमा यांच्या मधल्या पट्ट्यातून तो जातो आणि रहदारी कमी असते. कामतीला मंगळवेढ्याचा मोठा रस्ता लागतो. मग बेगमपूर, आणि भीमेचा पूल ओलांडला की माचणूर.

माचणूरला घाई करू नका, एवढंच सांगेन. या काठावर, ब्रह्मपुरीला, १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी होती. दिल्लीचा बादशहा चार वर्षं आपल्या भीमेकाठी तंबू ठोकून बसला, इथूनच हिंदुस्थानचा कारभार चालला आणि इथूनच मराठ्यांवर फौजा सुटल्या. १६९७ च्या पावसाळ्यात भीमेला असा पूर आला की छावणीची दाणादाण उडाली, माणसं-जनावरं वाहून गेली. मराठ्यांना जे जमवायला वर्षं लागत होती, ते नदीने काही तासांत केलं. आज किल्ल्याची पडझड झालेली तटबंदी आणि बुरूज उरलेत. झुडपं माजलेली आहेत, त्यामुळे बूट घाला आणि तटाच्या कडेला जाऊन फोटो काढण्याच्या फंदात पडू नका.

किल्ल्याला लागूनच सिद्धेश्वराचं मंदिर. दगडी पायऱ्या थेट नदीत उतरतात आणि पात्रात खडकावर जटाशंकराचं छोटं देऊळ आहे. पाणी कमी असेल तर तिथवर चालत जाता येतं. आवर्तन चालू असेल तर जाऊ नका, पाणी चढताना आवाज करत नाही. श्रावणात इथे गर्दी असते. एरवी घाट जवळपास आपलाच असतो. आत्या पायरीवर बसून म्हणाली, “एवढी चांगली जागा आणि तुम्ही लोक मॉलमध्ये जाता व्हय रे?” उत्तर नव्हतं.

मंगळवेढा तिथून पंधराएक किलोमीटरवर. कल्याणीला (आजच्या बसवकल्याणला) जाण्याआधी कलचुरी राजघराण्याची राजधानी इथे होती. पण लोक येतात ते संतांसाठी. दुष्काळात सरकारी कोठार उघडून धान्य वाटणारे दामाजीपंत इथले, कान्होपात्रा इथली. चोखोबाही इथलेच. गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि वेठीला धरलेल्या मजुरांत तेही दगावले, १३३८ साली. दामाजीच्या मंदिरात सगळेच जातात, चोखोबांच्या ठिकाणाची वाट मात्र विचारावी लागते. विचारा आणि जा.

मंगळवेढ्याची ज्वारी हा स्वतंत्र विषय आहे. मालदांडी ज्वारीला इथल्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. खोल काळी जमीन, परतीच्या पावसाची ओल आणि थंडी यांवरच पीक येतं, भीमेच्या पाण्याचा त्यात वाटा नाही. रस्त्याने जाताना हा फरक डोळ्यांनी दिसतो. नदीच्या अंगाला ऊस आणि केळी, जरा लांब गेलं की नजर पोचेल तिथवर ज्वारी. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर रस्त्याकडेच्या शेतात हुरड्याची आगटी पेटलेली दिसते. गाडी थांबवून “अक्का, हुरडा मिळंल का?” म्हटलं की बहुधा मिळतो. घरासाठी ज्वारी घ्यायची असेल तर मात्र मार्चमध्ये, खळी झाल्यावर या आणि भाव दोन ठिकाणी विचारून घ्या.

पंढरपूर पंचवीस किलोमीटर. माहितीतल्या गावाबद्दल कमी लिहितो. एकादशी आणि शनिवार-रविवार टाळा. आषाढी-कार्तिकीला जायचं असेल तर ती वेगळी यात्रा आहे, तिला गाडी घेऊन जाऊच नये. पायांवर डोकं ठेवायचा आग्रह नसेल तर मुखदर्शनाची रांग लवकर सरकते. गाडी गावाबाहेरच्या वाहनतळावर लावा, आतल्या गल्ल्यांत शिरलात तर बाहेर पडताना देव आठवेल. नामदेव पायरीपाशी चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्यात आधी थांबून आलं की तिथे पाय जरा जास्त रेंगाळतो. जिवंतपणी त्यांना देवळात प्रवेश नव्हता. त्यांच्या बांधवांना तो मिळावा म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात याच गावात, तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केलं. म्हणजे मधे सहाशे वर्षं गेली.

संध्याकाळ नदीवर घालवा. पुंडलिकाच्या देवळाभोवती वाळवंटात भजनं चालू असतात. नाव ठरवून विष्णुपदापर्यंत जाता येतं. भाडं आधी बोलून घ्या आणि लाइफ जॅकेट असल्याशिवाय नावेत पाय ठेवू नका. पाण्यात उतरून आंघोळ करायची तर काठालाच करा. वाळू उपसून पात्रात खड्डे झालेत, ते वरून दिसत नाहीत. नदीच्या स्वच्छतेबद्दल काही लिहीत नाही. नाक प्रत्येकाला आहे.

दुसऱ्या दिवशी वाखरीवरून पालखी मार्गाने वेळापूर. रस्ता आता रुंद झालाय, गाडी आपोआप पळते, म्हणून वेळापूर निसटण्याची भीती जास्त. अर्धनारीनटेश्वराचं यादवकालीन मंदिर आहे, आतली शिव-पार्वतीची मूर्ती बघण्यासारखी. अर्धा-पाऊण तास पुरतो. मग अकलूज, तिथे नीरेकाठचा किल्ला. मुलं बरोबर असतील तर थांबा, नाहीतर पुढे चला.

नीरा नरसिंहपूर पुणे जिल्ह्यात येतं, इंदापूर तालुक्यात, पण जिल्ह्याची रेघ नदीला कुठे माहीत असते. नीरा आणि भीमा दोन्ही बाजूंनी येतात आणि मधल्या टोकावर लक्ष्मी-नृसिंहाचं मंदिर उभं आहे. मंदिर एवढं भक्कम की बाहेरून किल्लाच वाटावा. अठराव्या शतकात पेशव्यांचे सरदार विंचूरकर यांनी त्याचं बांधकाम केलं. घाटाच्या पायऱ्या उंच आहेत. आत्या अर्ध्यावर बसली आणि म्हणाली, “तुम्ही या जाऊन, मला इथूनच दोन्ही नद्या दिसतात.” तिला खालच्यापेक्षा चांगलं दिसत होतं. इथे दुपारी पोचा म्हणजे दर्शन आणि सावली दोन्ही मिळतं, पण जेवण अकलूजलाच उरकलेलं असू द्या.

मग टेंभुर्णी आणि भीमानगर. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. क्षमता ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि त्यातले जवळपास ६३ टीएमसी मृतसाठा. पेपरातलं मायनस ते हेच, वापरायचं पाणी संपून तळाच्या साठ्याला हात लागला की सुरू होतं. भिंतीवर परवानगीशिवाय सोडत नाहीत, पण खालच्या पुलावरून आणि आजूबाजूच्या काठावरून जलाशयाचा अंदाज येतो. पक्षी बघायचे असतील तर इथे थांबून उपयोग नाही. रोहित, ज्यांना बरेच जण अग्निपंख म्हणतात, हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला कुंभारगाव आणि डिकसळकडे उतरतात. त्यासाठी तिथेच मुक्काम करून पहाटे बोटीत बसा. संध्याकाळी वारा सुटल्यावर जलाशयात जाऊ नका. २०२४ च्या मे महिन्यात कळाशी-कुगावदरम्यान वादळात बोट उलटून सहा जण गेले. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं. एप्रिल-मे टाळा म्हटलं त्याला हा एवढाच अपवाद.

परतीला पुणे-सोलापूर महामार्ग आहेच, मोहोळमार्गे दीड-दोन तासांत घर. एकच सांगतो, नोव्हेंबर ते मार्च गाळप हंगाम असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्री मागचा दिवा नसताना चालतात, कधी रस्त्यातच पंक्चर होऊन उभे असतात. महामार्गावर निभावतं, पण अकलूज-टेंभुर्णी आणि मंगळवेढ्याकडच्या रस्त्यांवर अंधार पडायच्या आत गाडी मुक्कामी लागलेली बरी.

ज्यांच्याकडे एकच दिवस आहे त्यांनी पंढरपूरचा मोह सोडावा. सकाळी कुडल, मंद्रूप-कामतीवरून माचणूर, मंगळवेढ्यात दुपारचं जेवण आणि तिन्हीसांजेच्या आत तिऱ्ह्याच्या पुलावरून सोलापूर. पेट्रोल शहरातच भरून घ्या आणि थोडी रोख जवळ ठेवा. कुडलला मोबाइलला रेंज मिळेल न मिळेल, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून घेतलेला असावा.