टपावरचा एसी रात्रभर चालतो काय?

निपाणीच्या पेट्रोल पंपावर आमच्या फिरत्या घराच्या गाडीकडे बघून एका पोराने विचारलं होतं, "काका, आइस्क्रीमची गाडी काय?" सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर एका आजींनी टपावरची पांढरी पेटी म्हणजे पाण्याची टाकी समजून तांब्या पुढे केला. जाणकार माणसं मात्र एकदा वर बघतात आणि सरळ मुद्द्याला हात घालतात, "एसी होय? गाडी बंद असताना रात्रभर चालतो काय?"

तुम्हीही तेच विचारलंत म्हणून एकदा बैजवार सांगून टाकतो. चालतो. पण गाडी रात्री कुठे उभी राहणार ते आधी सांगा, मग किती तास चालेल ते मी सांगतो.

बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. बेळगावहून पुण्या-मुंबईला जाणाऱ्या आरामबसच्या टपावरही एसी असतो आणि तो रात्रभर चालतो, मग तुमचा का नाही, असं लोक म्हणतात. बसच्या त्या एसीचा कंप्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन बंद, एसी बंद. आमच्या गाडीवरचा एसी घरातल्या खिडकीच्या एसीचाच भाऊ आहे. कंप्रेसर, पंखे, दोन्ही कॉइल सगळं एकाच पेटीत, आणि त्याला घरासारखीच 230 व्होल्टची वीज लागते. इंजिनाशी त्याचा काही संबंध नाही. त्यामुळे गाडी पळत असताना आम्ही डॅशबोर्डचा साधा एसी लावतो आणि टपावरचा साहेब नुसता वारा खात बसतो.

आमची गाडी म्हणजे मिनीबसवर केलेलं फिरतं घर. जुनी घेतली, पण कागदावर आधीपासूनच मोटर कॅराव्हॅन होती. हे मुद्दाम सांगतोय, कारण सतरा सीटची गाडी घेऊन सीट काढायच्या, पलंग टाकायचा आणि वर एसी चढवायचा असा बेत करणारे मला दर महिन्याला एक तरी भेटतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये गाडीत मनमानी फेरफार करायला मनाई आहे. आधी आरटीओत जा, मग मिस्त्रीकडे. उलट क्रमाने गेलेल्यांच्या गाड्या मी अंगणात कोंबड्यांना सावली देताना पाहिल्यात.

एसी निवडताना मीही फसणार होतो. गोव्यात एकाकडे असाच टपावरचा एसी अगदी स्वस्तात पडून होता. चोर्ला घाट उतरून बघायला गेलो. दिसायला कोरा. पण मागच्या पट्टीवर 115 व्होल्ट, 60 हर्ट्झ असं छापलेलं, म्हणजे अमेरिकेच्या विजेवर चालणारा. विकणारा म्हणाला, ट्रान्सफॉर्मर लावा की. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करेल, हर्ट्झ, म्हणजे विजेचे सेकंदाचे फेरे, ते कुठून बदलणार? आपल्याकडे 50 आहेत. त्या 50 वर ती मोटर मंद फिरणार, तापणार आणि एखाद्या उन्हाळ्यात जळून जाणार. रिकाम्या हाताने घाट चढलो. पुढे 230 व्होल्ट, 50 हर्ट्झचा मिळाला तो घेतला. 13,500 बीटीयूचा, बीटीयू म्हणजे एसीच्या गारव्याचं माप. 12,000 बीटीयू म्हणजे एक टन, तेव्हा हा सव्वा टनाला थोडा कमी. वजन चाळीस किलोच्या आसपास.

आता भोक. उद्यमबागेत माझ्या ओळखीच्या शेडमध्ये गाडी घातली. वेल्डर मूळचा खानापूरचा. ग्राइंडर हातात घेऊन टपावर बसला आणि म्हणाला, "काका, अजून एकदा विचार करा बघा. पाडलेलं भोक परत मिटवता येत न्हाई." 14 इंच बाय 14 इंचाचा चौकोन. ऐकायला लहान वाटतो, पण स्वतःच्या गाडीच्या टपावर पेन्सिलीने आखला की परातीएवढा दिसतो.

आखणी आतून करायची. टपाच्या पत्र्याखाली आडव्या पट्ट्या असतात, त्यांतली एकही कापायची नाही. दोन पट्ट्यांच्या मध्ये जागा शोधायची, चार कोपऱ्यांना आतून बारीक ड्रिल मारायचं, मग वर जाऊन ती चार भोकं जोडायची. वायर कुठून गेली आहे तेही त्याआधी आतलं छत उघडून बघून घ्यायचं. कापून झाल्यावर भोकाच्या चारही बाजूंना चौकट बसवायची, आम्ही चौकोनी नळीची केली. चौकट नसली तर बोल्ट आवळताना वरचा पत्रा आणि खालचं छत एकमेकांकडे दबतात, मधला पोकळ भाग चेपतो आणि चाळीस किलोचं ओझं वर्षभर खड्ड्यांतून नाचत राहतं. आपल्याकडचे खड्डे तुम्हाला ठाऊक आहेत.

एक बारीकशी चूक झाली, ती तुम्ही करू नका. कापताना उडालेला लोखंडाचा कीस आम्ही फडक्याने झटकला आणि झालं म्हणून चहाला गेलो. पहिल्या वळवानंतर सगळ्या पांढऱ्या टपावर गंजाचे तांबडे ठिपके उठले, जणू गाडीला कांजिण्या आल्या. कीस चुंबकाने उचलायचा आणि मग टप धुवायचा.

एसी आणि टप यांच्यामध्ये इंचभर जाडीचं मऊ पॅकिंग असतं. पाणी अडवायचं सगळं काम त्याचं. त्याला सिलिकॉन फासायचं नाही, ते दाबानेच बसतं. आतून चार लांब बोल्ट येतात, ते आवळत पॅकिंग साधारण अर्ध्या इंचावर आणायचं आणि थांबायचं. मी थांबलो नाही. वेल्डर गेल्यावर आपल्या समाधानासाठी एका कोपऱ्याला लांब पाना लावून दोन फेरे जास्त दिले. त्या कोपऱ्यात पॅकिंग चपाती झालं आणि समोरच्या तिरक्या कोपऱ्यात सैल राहिलं. हे कळलं जुलैमध्ये, कणकुंबीला. तिथला पाऊस म्हणजे पाऊस पडत नाही, माणूस पावसात पडलेला असतो. रात्री दोनला आई अंधारात म्हणाली, "अरे, माझ्या पायावर कोण पाणी ओततंय?" सकाळपर्यंत आम्ही पातेलं लावून बसलो. बेळगावला येऊन चारही बोल्ट सैल केले आणि चाकाच्या नटासारखे तिरके तिरके, थोडे थोडे आवळले. त्यानंतर थेंब नाही. पहिल्या पाच-सातशे किलोमीटरनंतर एकदा परत हात लावून बघा, पॅकिंग बसतं आणि बोल्ट किंचित ढिले होतात.

आता तुमच्या रात्रीकडे येतो. आमचा एसी कंप्रेसर चालू असताना साधारण 1,500 वॅट खातो. घरच्या इन्व्हर्टरची 150 अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी तुम्ही लावायची म्हणता. 12 व्होल्टने गुणलं तर 1,800 वॅट-अवर. त्यातली निम्मीच वापरावी, नाहीतर बॅटरी लवकर मरते. राहिली 900. इन्व्हर्टर आपला वाटा खातो. उरला अर्धा तास. शिवाय 12 व्होल्टवरून एवढं ओढायचं म्हणजे सव्वाशे-दीडशे अँपिअर, आणि एवढ्या ओढीला ही बॅटरी आपलं पूर्ण मापही देत नाही. म्हणजे धरा वीस-पंचवीस मिनिटं. लिथियमची 200 अँपिअर-अवरची घेतलीत तर दीड तास. रात्रीत कंप्रेसर निम्माच वेळ चालतो असं धरलं तरी आठ तासांना सहा युनिट लागतात, आणि तेवढ्या बॅटरीच्या पैशात चांगली जुनी मोटारसायकल येते. सोलरचंही तसंच. टपावर एसी बसल्यावर दोन पॅनेलपुरती जागा उरते आणि त्यावर दुपारी याच पेटीची सावली पडते. जनरेटर चालतो, तीन केव्हीएचा बास होतो. पण जत्रेच्या मैदानात रात्री अकराला तो सुरू करून बघा, शेजारची बैलगाडीवाली मंडळी तुम्हाला देवीआधी आठवतील. आणि त्याचा धूर खिडकीखाली किंवा बंद शेडमध्ये कधीही नको. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही.

म्हणून मी विचारतो, गाडी कुठे उभी राहणार? जिथे 16 अँपिअरचं सॉकेट आणि नीट अर्थिंग आहे तिथे एसी रात्रभर चालतो, घरच्यासारखा. अर्थिंग बघाच. गाडी म्हणजे रबरी चाकांवरची पत्र्याची पेटी. आत कुठे वायर सोलली तर उतरताना दाराला हात लावणाराच अर्थिंग होतो.

नुसतं सॉकेट असूनही भागत नाही, हे अथणीला मेव्हण्याच्या मळ्यात कळलं. एप्रिलची संध्याकाळ, घामाने सगळे चिकट झालेले. त्याने घरापासून सत्तर मीटर बारीक वायर शेवग्यावरून ओढून आणली. पंखा फिरला, गार हवा काही येईना. कंप्रेसर हूंऽऽ करायचा, दहा सेकंदांनी टक्कन बंद. मेव्हणा म्हणाला, "दाजी, गॅस संपलाय जणू." मी काट्याचा मीटर लावला. नुसत्या पंख्यावर 200 व्होल्ट, आणि कंप्रेसर सुरू व्हायला गेला की काटा 140 पर्यंत आपटायचा. कंप्रेसर सुरू होताना चालतानाच्या कितीतरी पट करंट ओढतो, तो त्या बारीक वायरीत अर्ध्या वाटेतच दमत होता. ती रात्र आम्ही गच्चीवर काढली. आता गाडीत 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल गुंडाळून ठेवलेली असते आणि वर एक सॉफ्ट स्टार्टर बसवलाय, तो सुरुवातीचा झटका मऊ करतो.

बाकी वापर साधा आहे. वीज जाऊन लगेच आली तर तीन मिनिटं एसीला हात लावू नका, आतला दाब सारखा होऊ द्या. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत आठ ते अकरा अंशांचा फरक पडतो, एवढंच त्याच्या हातात आहे. उन्हात भाजलेली गाडी रात्री नऊला त्याच्या ताब्यात दिली तर तो मध्यरात्रीपर्यंत पत्राच गार करत बसतो. मी पाचला लावतो, पडदे ओढून. जाळी पंधरवड्याने धुतो. पावसाळ्यात खानापूरकडे लावतच नाही. बावीस अंशांत थर्मोस्टॅट खाली ओढून पंखा मंद ठेवला की कॉइलवर बर्फ धरतो. आणि खरं सांगायचं तर बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर. इथे मे महिन्यातही रात्री दहानंतर मच्छरदाणी लावून खिडकी उघडली की भागतं. वर्षातून पंधरा-वीस रात्रींसाठी मी हे सगळं केलं. का केलं ते आमची ही अजून विचारते, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

उंची विसरू नका. गाडी आता 10 फूट 2 इंच झालीय, तो आकडा मी स्टिअरिंगसमोर चिकटवलाय. पूल आणि कमानी सोडा, खरी भीती गावातल्या चिंचेच्या फांद्यांची.

अथणीला आता गाडी उभी करायची जागा ठरलेली आहे. एका बाजूला बोटभर उतार, म्हणजे एसीचं पाणी आत न येता टपावरून घसरून बाहेर पडतं. दमट दिवशी दोन-तीन लिटर सहज. मेव्हण्याने त्या धारेखाली कढीपत्ता लावलाय. परवा फोनवर म्हणाला, "दाजी, कधी येताय? झाड सुकायलंय."