पहाटेच्या मुहूर्ताचे जादा पैसे

तुम्ही पार्लर चालवता आणि लग्नाचं काम घेता, तर सकाळी ९ चा मुहूर्त म्हणजे नवरी साडेआठला तयार हवी. मेकअप, अंबाडा, नऊवारी मिळून ३ तास धरा. म्हणजे पहाटे साडेपाचला काम सुरू. याचे जादा पैसे टक्क्यांत लावू नका. ६० रुपयांच्या आयब्रोवर २५ टक्के म्हणजे १५ रुपये, तेवढ्यासाठी रात्री शटर कोण उघडणार? ठरावीक रक्कमच लावा: मदतनीस मुलीचे जादा पैसे, रिक्षा (मुंबईत रात्री १२ ते ५ मीटरच्या सव्वापट) आणि वर तुमच्या झोपमोडीचे. आकडा बुकिंगच्याच व्हॉट्सॲप मेसेजमध्ये, वेळेसकट लिहा. हळदीच्या दिवशी सांगितलात तर नवरीची मावशी घासाघीस करणारच. आणि करवल्या! ‘जरा हिलाही साडी नेसवा ना’ याचा दर वेगळा, माणशी.