ऐंशी सेकंद

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नौदलाच्या इतिहासावर बोलायला उभा राहिलो की शेवटी कुणीतरी हे विचारतंच: रडार आहे, क्षेपणास्त्रं आहेत, मिनिटाला हजारो गोळ्या झाडणारी तोफ आहे, तरी एखादं क्षेपणास्त्र युद्धनौकेपर्यंत पोचतंच कसं?

मी आधी सगळ्यांना ऐंशी सेकंद गप्प बसायला सांगतो. एक्झोसेटसारखं जहाजांवर मारा करणारं क्षेपणास्त्र लाटांच्या चार-पाच मीटर वरून येतं. पृथ्वीला गोलाई आहे आणि रडारला क्षितिजाच्या फार पलीकडचं दिसत नाही. अँटेना पाण्यापासून वीस मीटर उंच असली, तर क्षेपणास्त्र नजरेच्या टप्प्यात येतं तेव्हा ते साधारण २५-२६ किलोमीटरवर असतं. सेकंदाला तीनशेहून जास्त मीटर वेगाने हे अंतर ऐंशी सेकंदांत संपतं. रडार कितीही महागडं बसवा, त्याला पृथ्वीच्या आरपार दिसणार नाही. एकाच वेळी चार-सहा क्षेपणास्त्रं आली तर हिशेब आणखी बिघडतो.

पण शांत बसून मोजलं की ऐंशी सेकंद बरेच मोठे वाटतात. मग ते जातात कुठे? चौकशी अहवाल वाचत गेलो तसं माझं मत पक्कं झालं, की त्यातले बरेचसे ‘हे खरंच क्षेपणास्त्र आहे का?’ या शंकेत जातात.

४ मे १९८२, ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातलं फॉकलंडचं युद्ध. ब्रिटिश विनाशिका ‘शेफील्ड’ त्या क्षणी उपग्रहामार्फत संदेश पाठवत होती आणि त्याच लहरींमुळे शत्रूचं रडार ओळखणारं तिचं यंत्र बहिरं झालं होतं. जवळच्या ‘ग्लासगो’ने इशारा दिला. पण आधीच्या दिवसांत असे खोटे इशारे इतके झाले होते की ‘इन्व्हिन्सिबल’ या विमानवाहू नौकेवरून तोही खोटा ठरवला गेला. हवाई संरक्षण सांभाळणारा अधिकारी नियंत्रण कक्षाबाहेर होता. क्षेपणास्त्राला चकवणारे धातूचे तुकडे, म्हणजे चॅफ, शेफील्डने उडवलेच नाहीत. अर्जेंटिनाचं एक्झोसेट येऊन धडकलं. वीस माणसं गेली. पाण्याची मुख्य वाहिनीच फुटल्यामुळे आग विझवता आली नाही, हे वाचताना आजही मला थांबावं लागतं.

१७ मे १९८७ला इराणच्या आखातात ‘स्टार्क’ या अमेरिकी फ्रिगेटवर एका इराकी विमानाने दोन एक्झोसेट सोडली. विमान कधीपासून रडारवर दिसत होतं, पण इराक शत्रू नव्हता. जवळ आलेलं क्षेपणास्त्र पाडणारी फॅलँक्स तोफ आपोआप गोळीबार करण्याच्या स्थितीत ठेवलेलीच नव्हती. सदतीस खलाशी मेले. २००६मध्ये लेबनॉनच्या किनाऱ्यासमोर इस्रायलच्या ‘हानित’ या युद्धनौकेचंही तेच झालं: हिजबुल्लाकडे असं क्षेपणास्त्र असेल हे कुणी गृहीतच धरलं नव्हतं, म्हणून संरक्षण यंत्रणा चालू नव्हती. चार जण गेले.

‘मग सगळं सदैव चालूच ठेवायचं ना!’ असं ऐकणारा म्हणतो. त्याची चीड मला समजते. पण आपोआप झाडणाऱ्या तोफेला आपलं हेलिकॉप्टर ओळखू येतंच असं नाही. आणि महिनोन्‌महिने गस्तीवर असलेली माणसं चोवीस तास ताठ राहू शकत नाहीत. माणसाच्या या मर्यादेला निष्काळजीपणा म्हणायला माझं मन धजत नाही.

बचाव यशस्वी झाल्याचंही उदाहरण मी सांगतो. २५ फेब्रुवारी १९९१ला कुवेतच्या समुद्रात ‘मिसूरी’ या अमेरिकी युद्धनौकेच्या दिशेने इराकचं एक सिल्कवर्म क्षेपणास्त्र निघालं. ब्रिटिश ‘ग्लॉस्टर’च्या पडद्यावर उमटलेला ठिपका मोहिमेवरून परतणाऱ्या अमेरिकी विमानासारखाच दिसत होता. तरी तिथल्या अधिकाऱ्याला तो खटकला आणि ग्लॉस्टरवरून ‘सी डार्ट’ ही बचावाची क्षेपणास्त्रं सुटली. नेम लागला, ठिपका नाहीसा झाला. पण आपण क्षेपणास्त्र पाडलं की आपल्याच बाजूच्या वैमानिकांना मारलं, हे त्या माणसाला कित्येक तास कळलं नव्हतं.