नालबंद हा व्यवसाय यादीत नव्हता

अपघात विम्याच्या ऑनलाइन अर्जात व्यवसायाच्या रकान्यावर टिचकी मारली की खाली यादी उघडते. माझ्यापुढे उघडली तिच्यात सुतार होता, शिंपी होता, वेल्डरही होता, पण माझा धंदा, म्हणजे घोड्यांना नाल मारणारा नालबंद, नव्हता. एजंट म्हणाला, "फॅब्रिकेटर टाका की, लोखंडाचंच काम ना?" पुढे जो त्रास झाला आणि जो टळला, त्या दोन्हींचं मूळ या एका रकान्यात आहे.

आधी मिळतं काय ते सांगतो. अपघात असो की आजार, काम बंद पडलं की दरमहा पगारासारखी रक्कम देणारा विमा परदेशात असतो. तसा मला इथे शोधून मिळाला नाही. मिळते ती वैयक्तिक अपघात पॉलिसी. तिचे चार भाग: मृत्यू, कायमचं पूर्ण अपंगत्व, कायमचं अंशतः अपंगत्व आणि तात्पुरतं पूर्ण अपंगत्व, ज्याला विमावाले टीटीडी म्हणतात. पहिल्या तिघांत एकरकमी पैसे मिळतात, पण प्लास्टरमधलं मनगट त्यातल्या एकातही बसत नाही. रोजच्या कमाईवर जगणाऱ्याच्या उपयोगाचा चौथा भाग, आणि पुष्कळ पॉलिसींत नेमका तोच वेगळा मागून घ्यावा लागतो. बँकेतून वर्षाला २० रुपये कापून मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना जरूर घ्यावी. तिच्यात अपघाती मृत्यूला किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला २ लाख, आणि एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा निकामी झाला तर १ लाख आहेत. सहा आठवड्यांच्या प्लास्टरवर मात्र दमडी नाही.

सगळ्या कंपन्यांकडे एकाच मजकुराची मिळणारी 'सरल सुरक्षा बीमा' एप्रिल २०२१ पासून आहे. तिच्यात टीटीडी ऐच्छिक आहे आणि दर आठवड्याला मूळ विमा रकमेच्या ०.२ टक्के मिळतात, म्हणजे १५ लाखांवर ३,००० रुपये. इतर अपघात पॉलिसींत बहुधा १ टक्का लिहिलेला असतो. त्यावर हुरळून जाऊ नका, पुढची ओळ वाचा. तिथे कमाल मर्यादा असते, कधी ठरावीक रुपयांत, कधी उत्पन्नाच्या टक्क्यांत. माझ्या पॉलिसीत १५ लाखांचे १ टक्का किंवा आठवड्याच्या उत्पन्नाचे ७५ टक्के, यांपैकी कमी ते, अशी अट होती. शिवाय पहिला आठवडा वजा.

आता तो रकाना. अपघात विम्यात व्यवसायांचे तीन धोका-गट असतात. पहिल्यात टेबलावर बसणारे, दुसऱ्यात अंगमेहनतीचे आणि यंत्रांवरचे, तिसऱ्यात भूमिगत खाणीतले, उच्च दाबाच्या विजेवरचे, सर्कसवाले, जॉकी, घोड्यावरून शर्यत लावणारे आणि पोलो खेळणारे. मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा), सकाळी ट्रॅकवर घोडा फिरवणारा राइडिंग बॉय, घोडेस्वारी शिकवणारा आणि नालबंद यांची नावं कुठेच नाहीत. पण तिसऱ्या गटाच्या शेवटी 'तत्सम धोक्याची कामे' हे शब्द असतात आणि आपल्याला त्यातच ओढता येतं. एजंट पहिल्या-दुसऱ्या गटात बसवू पाहतो, कारण हप्ता कमी दिसला की पॉलिसी विकली जाते. दाव्याच्या वेळी केसपेपरवर 'घोड्याने लाथ मारली' आणि पॉलिसीवर 'फॅब्रिकेटर' असं निघालं की कंपनीच्या हातात माहिती लपवल्याचं आयतं कारण येतं.

मी ऑनलाइन अर्ज सोडला आणि कंपनीच्या अंडररायटिंग विभागाला (धोका तपासून हप्ता ठरवणारा विभाग) ईमेलने पाच ओळींत काम सांगून गट विचारला. घोड्यांच्या खुरांना नाल मारतो. खूर मांडीवर धरून कानस आणि हातोडीने काम. दिवसाला चार ते सहा घोडे. जागा मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचे तबेले, रायडिंग स्कूल आणि उपनगरातल्या वरातीच्या घोड्या, हंगामानुसार पुणेही. मी घोड्यावर बसत नाही. दहा दिवसांनी उत्तर आलं: तिसरा गट. हप्ता चांगलाच वाढला, पण पॉलिसीच्या पानावर 'नालबंद, घोड्यांच्या खुरांना नाल मारणे' असं छापून आलं.

दुसरा प्रश्न त्याच ईमेलमध्ये विचारला होता. 'घोड्यावरून शर्यत, पोलो व धोकादायक खेळ' हे अपवादाच्या यादीत होते. रेसकोर्सच्या आवारात काम करताना झालेली इजा त्यात येते का? उत्तर: अपवाद स्वार म्हणून भाग घेण्यापुरता आहे. ते उत्तर मी छापून पॉलिसीला टाचलं. राइडिंग बॉय असाल तर हाच प्रश्न तुमच्यासाठी जास्त टोकदार आहे, कारण काही पॉलिसींत त्या अपवादात 'सराव' हा शब्दही असतो आणि सकाळचं गॅलप म्हणजे सरावच. लेखी उत्तर मिळेपर्यंत पैसे भरू नका. भरलेच असतील तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.

उत्पन्नाचा दाखला हा घोडेवाल्यांचा सगळ्यात कच्चा दुवा. वर्षाची जमा समजा ९ लाख. लोखंड, खिळे, प्रवास आणि हाताखालच्या पोऱ्याचा पगार मिळून २ लाख ७० हजार गेले तर खरं उत्पन्न ६ लाख ३० हजार. पण रोखीच्या धंद्यात कर सल्लागार अंदाजे नफ्याच्या तरतुदीखाली (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४४एडी) जमेच्या ८ टक्के नफा दाखवून मोकळा होतो, म्हणजे ७२,००० रुपये. कर शून्य म्हणून आपणही खूश. विमा कंपनीच्या दृष्टीने मात्र आपण आठवड्याला १,३८५ रुपये कमावणारा माणूस, आणि भत्ता त्याच्या ७५ टक्के. वास्तविक ८ टक्के हा तळ आहे. नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा असतो. नव्या करप्रणालीत सात लाखांपर्यंत (२०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंत) सवलतीमुळे कर लागत नाही, म्हणजे ६ लाख ३० हजार दाखवूनही खिशाला चाट नव्हती. मी दोन वर्षं खरं उत्पन्न दाखवलं आणि मगच पॉलिसी घेतली. पैसे यूपीआयने घ्यायला लागलो. शिवाय तारीख, तबेला, घोड्याचं नाव आणि किती नाल, एवढंच लिहायची एक वही ठेवली. ती पुढे कुठे उपयोगी पडेल याची तेव्हा कल्पना नव्हती.

अपघात साधाच. मागचा पाय मांडीवर असताना घोड्याने हिसका दिला आणि उजव्या मनगटाजवळचं रेडियस हाड मोडलं. सांगण्यासारखं त्यानंतरचं आहे. केसपेपरवर डॉक्टर पहिली ओळ लिहितात ती अपघात कसा झाला याची. गर्दीत ती 'पडल्यामुळे इजा' एवढीच होते. मी तिथेच बसून तारीख, वेळ, जागा आणि 'काम करताना घोड्याच्या पायाच्या झटक्याने' हे लिहून घेतलं. दोन दिवसांनी दुरुस्ती मागितली तर नवी शाई लांबून ओळखू येते. कंपनीला त्याच रात्री ईमेलने कळवलं आणि क्लेम नंबर घेतला.

मग कागद जमवले: क्लेम फॉर्म, त्यातला उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी भरायचा भाग, पहिला केसपेपर, तारखेसह सगळे एक्स-रे, विश्रांतीची प्रमाणपत्रं, शेवटी फिटनेस प्रमाणपत्र, दोन वर्षांची विवरणपत्रं, बँकेचा उतारा, रद्द केलेला चेक. नोकरदाराला मालकाकडून रजेचा दाखला लागतो. तो माझ्याकडे नसल्याने नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र केलं आणि काम बंद असल्याचं दोन तबेल्यांकडून लिहून घेतलं. विश्रांतीची प्रमाणपत्रं सलग हवीत. एक १४ तारखेला संपलं आणि पुढचं १८ ला सुरू झालं, तर मधले दिवस तुम्ही धडधाकट होता असं धरलं जातं.

तपासनीस आला तो थेट बँकेच्या उताऱ्यावर. प्लास्टरच्या काळात माझ्या खात्यात अकरा वेळा पैसे आले होते. आठ जुनी उधारी होती, तीन माझ्या पोऱ्याने केलेल्या कामाचे. कागदावर मी प्लास्टरमध्येच अकरा घोड्यांना नाल मारल्यासारखं दिसत होतं. इथे वही कामाला आली. आठही रकमांसमोर जुन्या तारखा आणि घोड्यांची नावं निघाली. पोऱ्याच्या तीन रकमांसाठी तबेल्यांकडून 'काम अमुक मुलाने केले' असं लिहून आणावं लागलं. हात मोडल्या दिवसापासून दुसऱ्याच्या कामाचे पैसे त्याच्याच खात्यात जाऊ द्यायचे, एवढं साधं होतं ते.

मुख्य भांडण व्याख्येवरून झालं. टीटीडीच्या व्याख्येत बहुतेक ठिकाणी 'कोणत्याही प्रकारचा कामधंदा करण्यास पूर्ण असमर्थ' असे शब्द असतात. 'स्वतःचा नेहमीचा व्यवसाय' असं लिहिलेली पॉलिसी मिळाली तर थोडे जास्त पैसे देऊनही घ्यावी. पहिल्या शब्दांखाली कंपनी म्हणू शकते की एका हाताने तुम्ही देखरेख करू शकत होता. घोडेस्वारी शिकवणाऱ्याला तर हे हमखास ऐकवतात: जमिनीवर उभं राहून धडा घेता आला असता. माझ्यात आणि कंपनीत फरक आठवड्यांचा होता. प्लास्टर सहा आठवडे, म्हणून पहिला वजा करून पाच आठवडे, आठवड्याला ९,०८६ (उत्पन्नाच्या ७५ टक्के) प्रमाणे ४५,४३० रुपये, असं त्यांचं गणित. पण प्लास्टर निघालं म्हणजे पाचशे किलोच्या जनावराचा पाय धरता येतो असं नाही. डॉक्टरांनी अकरा आठवडे लिहिले होते.

मी फिजिओथेरपीची हजेरी, दोन्ही हातांच्या पकडीच्या ताकदीची मोजमापं आणि दहाव्या आठवड्याचा एक्स-रे जोडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं. तिथे भागलं नसतं तर पुढची पायरी विमा नियामकाचं 'बीमा भरोसा' हे तक्रार पोर्टल आणि त्यानंतर सांताक्रूझ पश्चिमेला, एस. व्ही. रोडवरच्या जीवन सेवा अ‍ॅनेक्समधलं विमा लोकपालाचं कार्यालय. तिथे फी नाही, वकील नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात. मात्र आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर वाट पाहिलेली हवी, आणि कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जायला हवं. मला तिथवर जावं लागलं नाही. तेविसाव्या दिवशी नऊ आठवडे मंजूर झाले, ९,०८६ च्या दराने ८१,७७४ रुपये. दहावा गेला, कारण शेवटच्या प्रमाणपत्रात डॉक्टरांनी सहज लिहिलं होतं, 'हलकं काम चालेल'. ते तीन शब्द ९,०८६ रुपयांना पडले. डॉक्टरांना खोटं लिहायला सांगू नका, पण तुमचं काम म्हणजे नेमकं काय हे त्यांना आधी समजावून सांगा. हातोडी दाखवली तरी चालेल.

या पॉलिसीत काय नाही तेही माहीत असावं. वर्षानुवर्षं वाकून गेलेली कंबर हा 'अपघात' नाही, ती झीज. मणक्याची चकती सरकली तरी एका तारखेला, एका झटक्याने, असं दाखवता आलं पाहिजे. तबेल्यातला दमा, ताप, संसर्ग यांवर काही नाही. त्यासाठी आरोग्य विमा, आणि रुग्णालयात राहावं लागलं तर रोख भत्त्याची जोड.

पगारावरच्या मोतद्दारांनी मात्र अपघात पॉलिसीआधी ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं, विचारावं. रेस क्लब हे ईएसआय कायद्याच्या अर्थाने 'दुकान' ठरतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे. पण मोतद्दाराचा पगार बहुधा क्लब देत नाही, ट्रेनर देतो. तेव्हा आपला मालक नोंदलेला आहे का, ते पगाराच्या चिठ्ठीवर ०.७५ टक्के कपात दिसते का यावरून कळतं. मासिक वेतन २१,००० पर्यंत असेल आणि कपात होत असेल, तर कामावरच्या इजेला वेतनाच्या सुमारे ९० टक्के मिळतात, तेही नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. माझ्या पॉलिसीपेक्षा ते सरस आहे.

यंदा नूतनीकरणाची लिंक आली. व्यवसायाच्या रकान्यात आपोआप भरलेलं होतं, 'फॅब्रिकेटर'. पहिला सोडून दिलेला अर्ज सिस्टिमने कुठून तरी उचलला होता. तसाच 'पुढे' दाबला नाही. जुन्या पॉलिसीचं पान जोडून दुरुस्ती मागितली आणि ती छापून आल्यावर हप्ता भरला.