नाक लहान काढजो!

आमच्या खान्देशात माणसाचं चित्र काढून घ्यायची आठवण होते ती बहुधा तो गेल्यावर. दहाव्याच्या गडबडीत कुणीतरी पासपोर्ट फोटो शोधून काढतं, नाहीतर लग्नाच्या ग्रुपमधला चेहरा कापून घेतं. पेंटर त्या फोटोवर बारीक चौकटी आखतो, तेवढ्याच चौकटी मोठ्या कागदावर आखतो आणि एकेक भरत जातो. नानांनी जन्मात घातला नाही असा कोट त्यांच्या अंगावर चढतो, कपाळावरची आठी जाते. फ्रेम बैठकीत लागते, तिला चंदनाचा हार पडतो आणि येणारा-जाणारा म्हणतो, "हुबेहूब!"

चौकटी आखल्या म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. डेव्हिड हॉकनीसारख्या नामांकित इंग्रज चित्रकारानंही साधन वापरलंच की. १९९९ साली लंडनला अँग्र या जुन्या फ्रेंच चित्रकाराची इवलीशी, अचूक रेखाचित्रं बघून त्याला शंका आली, की हे नुसत्या नजरेचं काम नसावं. मग तो स्वतःच कॅमेरा ल्युसिडा घेऊन बसला. दांडीवर बसवलेला छोटा प्रिझम असतो तो; त्यातून पाहिलं की समोरचा चेहरा खालच्या कागदावर उतरल्यासारखा दिसतो. डोळ्यांचे, ओठांचे कोपरे तेवढे पटकन टिपून घ्यायचे, पुढचं सगळं नजरेनं. लंडनच्या नॅशनल गॅलरीतले पहारेकरी त्यानं असे काढले, गणवेशासकट. दिवसभर दुसऱ्यांची चित्रं राखणाऱ्यांना त्यानं समोर बसवलं, हे मला फार आवडलं.

फरक पडतो तो इथंच. त्याच्यापुढे जिवंत माणूस बसलेला असतो. पुढे २०१३ ते २०१६ या काळात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत त्यानं एकच पिवळी खुर्ची चौथऱ्यावर मांडली आणि ओळखीपाळखीच्यांना आळीपाळीनं तीत बसवलं. बैठक साधारण तीन दिवसांची. कॅनव्हासवर थेट कोळशानं आकार पकडायचा, मग रंग. आता तीन दिवस पोट आत ओढून कोण बसणार? माणूस हळूहळू आपल्या सवयीवर येतो. कुणी पाय दुमडतं, कुणी पुढं झुकतं. पहिल्याच चित्रातल्या गृहस्थानं तर डोकं दोन्ही हातांत धरलंय. बूटसुद्धा हॉकनी मन लावून रंगवतो. अशी ८२ व्यक्तिचित्रं २०१६ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागली, आणि सोबत एक फळांचं चित्र. बसायला येणारं कुणीतरी आलं नाही, म्हणून त्यानं बाकावर फळंच मांडून रंगवली! जळगावात असता तर केळीचा अख्खा घड बसवला असता.

माझी भाची चित्रकलेचं शिकते. सुट्टीत तिनं आमच्या जिजीला ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. जिजीनं पदर नीट केला, मान ताठ केली आणि बजावलं, "मनं नाक लहान काढजो!" चेहरा आधार कार्डावरचा. भाचीनं नुसतीच कोळशाची कांडी बोटांत फिरवत ठेवली. थोड्या वेळानं जिजी वैतागली, "काय वं, आते दिनभर बसाडी ठेवशी का?" आणि तुरीच्या शेंगांचं ताट मांडीवर ओढलं. मग भाचीचा हात सुरू झाला. एखादी शेंग चिवट निघाली की जिजी खालचा ओठ आत घेते आणि डावा खांदा किंचित वर जातो. इतकी वर्षं मी तिला शेंगा सोलताना बघतोय, पण तो खांदा मला कागदावरच दिसला.

चेहऱ्यावर रेषा फार नव्हत्या. डोळे तर ताटाकडेच होते, म्हणजे नुसत्या पापण्या. जिजीनं चष्मा लावून कागद लांब धरला, जवळ आणला.

"हाई तं मनी माय शे," ती म्हणाली.

तिच्या आईचा घरात एकही फोटो नाही, त्यामुळे आम्ही पडताळणार कशाशी? नाक मात्र मोठं काढल्याची तक्रार तिनं संध्याकाळपर्यंत ओट्यावर टेकलेल्या प्रत्येकीकडे केली, आणि प्रत्येकीला चित्र हातात देऊनच केली.